तळाशी राहणारी

बाबा, परवा तुमच्या पणतीने मला एक चित्र दाखवलं. ती बंगलोरला जीवशास्त्र शिकते. सुट्टीत आली की माझ्या खाटेवर बैठक मारते, लॅपटॉप उघडते आणि म्हातारीचा वेळ जावा म्हणून काहीबाही दाखवत राहते. चित्र उंदराच्या आतड्याच्या अस्तराचं होतं. काळ्या पडद्यावर बोटांसारखे उंचवटे, त्यांच्या मधे खोल खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या अगदी तळाशी हिरव्या रंगाने उजळलेल्या मोजक्या पेशी. ‘‘आजी, बाकीच्या पेशी चार-पाच दिवसांत गळून जातात,’’ ती म्हणाली, ‘‘या मात्र राहतात. यांच्यातूनच सगळं अस्तर पुन्हा पुन्हा तयार होतं. आणि कॅन्सरची सुरुवातही बरेचदा यांच्यातच होते असं मानतात.’’ मी म्हटलं, ‘‘माहीत आहे.’’ तिने डोळे मोठे केले. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई, मला उंदराचं आतडं कुठून माहीत असणार! ‘‘आमच्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं,’’ एवढंच बोलले आणि चहा टाकायला उठले. मला रडू येत होतं, आणि ते का येतंय हे तिला सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तुमचं संशोधन आमच्याकडे रविवारी सकाळी चालायचं. आठवडाभर तुम्ही कलकत्त्यात भवानीपूरच्या प्रयोगशाळेत त्या पांढऱ्या उंदरांमध्ये असायचात. घरी आलात की आई दारातच सांगायची, ‘‘आधी अंघोळ. तुमच्याबरोबर सगळी उंदरांची पलटण घरात येते.’’ रविवारी मात्र तुम्ही सकाळीच अंघोळ उरकून, पाट भिंतीशी ओढून, मटार सोलायला बसायचात. आई चुलीपाशी, मी उंबऱ्यात. मटार सोलता सोलता तुम्ही त्या आठवड्यात काय केलं ते सगळं सांगायचात, मराठीत. तुमचा जन्म खिदिरपूरचा, आजोबा तिथे कस्टममध्ये होते. आजी गेल्यावर तुमच्या मराठीला ऐकणारं माणूसच उरलं नव्हतं. कामाची भाषा इंग्रजी, मित्रांची बंगाली. मग भुसावळहून आई आली आणि तुम्हाला परत बोलायला मिळालं. ‘‘जे तुझ्या आईला मराठीत सांगता येत नाही ते मला स्वतःलाच कळलेलं नसतं,’’ असं तुम्ही मला म्हणायचात. मला ते तेव्हा नवलाचं वाटायचं नाही. सगळ्यांच्याच घरी बाबा मटार सोलताना आतड्याबद्दल बोलत असतील, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

एक रविवार मला अगदी लख्ख आठवतो. तुम्ही सांगताय की आतड्याच्या पेशी खळग्यात जन्मतात, वर सरकत सरकत उंचवट्याच्या टोकाशी जातात आणि तिथून गळून पडतात. त्यांना किरणोत्सर्गी औषधाची खूण करून ठेवली की त्यांचा प्रवास दिसतो. आई कणीक मळते आहे, तिचं लक्ष नाहीसं वाटून तुम्ही म्हणता, ‘‘अगं, आपल्या ट्रामसारखं. बेहाल्याच्या डेपोत लोक चढतात, एस्प्लनेडला उतरतात, मागून नवे चढतातच.’’ आई कणीक मळायची थांबते. ‘‘पण डेपोत राहतं कोण?’’ ती विचारते. ‘‘सगळेच चढून गेले तर उद्याची ट्राम कोण काढणार?’’ तुमच्या हातातली शेंग तशीच राहते. तुमच्या प्रयोगशाळेत त्याच प्रश्नावर वाद चालला होता, हे तुम्ही आम्हाला मागाहून सांगितलंत. खळग्यातल्या सगळ्या पेशी सारख्याच, की त्यांत एखादी कायम राहणारी? आई हात धुऊन दह्याच्या गाडग्याकडे बोट दाखवते. ‘‘विरजण असणार. चमचाभर मागे ठेवतो म्हणून रोजचं दही लागतं. ट्राम कशाला पाहिजे त्याला!’’ तुम्ही इतके हसलात की मटार सांडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रयोगशाळेत त्या पेशीला ‘दम्बल’ म्हणायला सुरुवात केलीत, कारण बंगालीत विरजणाला तेच म्हणतात. आमच्या घरात मात्र ती कायम विरजणच राहिली.

कॅन्सरचंही तुम्ही तिथेच सांगितलंत. जी पेशी चार दिवसांत गळून जाणार तिला बिघडायला सवड कुठे मिळते? बिघडणार ती राहणारी. आईला ते लगेच पटलं. ‘‘पाहुणे येतात, जातात,’’ ती म्हणाली, ‘‘भांडणं होतात ती घरात राहणाऱ्यांची.’’ मग तिने विचारलं, असं बिघडलेलं बाहेरून ओळखायचं कसं, आणि तुम्ही तिला एकेक लक्षण समजावून सांगितलंत. रक्त जाणं, वजन उतरणं, पोट फुगणं. पुढे ते यकृतात कसं पसरतं, डोळे पिवळे कसे होतात, तेही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. तुम्ही चांगले शिक्षक होतात, बाबा. तिथेच घात झाला.

आईला त्रास सुरू झाला तेव्हा तिने तो मूळव्याधीच्या नावावर खपवला आणि सुरण उकडून खात बसली. तुम्हाला कळलं ते ती पाण्याची बादली उचलताना मोरीत खाली बसली तेव्हा. मग डॉक्टर, मग इस्पितळ, मग ऑपरेशन. सर्जनने पोट उघडलं आणि फारसं काही न करता पुन्हा शिवून टाकलं. मी बाहेर बाकावर आईचं लुगडं मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही आलात, माझ्या शेजारी बसलात आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, ‘‘कॅन्सर आहे. पसरलाय.’’ मग माझा हात धरलात. ‘‘आईला सांगू नकोस. सूज होती म्हणायचं. आतड्याला सूज होती, डॉक्टरांनी ती काढली.’’ मी मान हलवली. त्या काळी सगळेच असं करायचे. रोग्याला नाव सांगायचं नाही, सांगितलं तर त्याची उमेद जाते, अशी समजूत होती. तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत. फक्त एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. अख्ख्या कलकत्त्यात ही थाप जिला पचणार नाही अशी एकच बाई होती, आणि तिला तुम्ही स्वतः तयार केलं होतंत.

आई घरी आली. पहिल्या रविवारी तुम्ही पाट ओढून बसलात खरे, पण हातात पेपर होता. सीमेपलीकडून येणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्यांच्या बातम्या तेव्हा रोज असायच्या. त्या तुम्ही मोठ्याने वाचून दाखवल्यात, मग बटाट्याचे भाव, मग क्रिकेट. क्रिकेटमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या रविवारीही तेच. उंदरांचं नाव नाही. आई स्टुलावर बसून मला फोडणी कशी घालायची ते सांगत होती, आणि मधूनच तुमच्याकडे बघत होती. ते बघणं मी पाहिलं. तुमचं डोकं पेपरात होतं.

नंतरच्या एका रविवारी तिने विचारलं. मी भात वेळत होते. तिने अगदी सहज, कोणाची खुशाली विचारावी तसं विचारलं, ‘‘अहो, तुमच्या विरजणाचं काय झालं?’’ तुमचा पेपर हलला. ‘‘ते काम बंद केलं,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘उंदरांत साथ आली. सगळे मेले.’’ ‘‘अरेरे,’’ आई म्हणाली. ‘‘मग आता?’’ ‘‘आता यकृतावर करतोय काहीतरी,’’ तुम्ही म्हणालात, आणि यकृत हा शब्द तोंडातून गेल्यावर तुमचा चेहरा असा झाला की मी भाताचं भांडं तसंच ठेवून मागे गच्चीत निघून गेले.

दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. ‘‘मला कळलंय गं,’’ ती म्हणाली. ‘‘ऑपरेशननंतर शंका होती. यांनी उंदरांचं बोलणं टाकलं तेव्हा खात्री झाली. माझ्यात जे आहे तेच ते बोलायचे ना रविवारी, मग आता कसे बोलतील?’’ मी सूज, सूज असं काहीतरी बडबडले. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘‘मी आज वाट करून दिली होती त्यांना. नाही जमलं. माणूस कधी खोटं बोललेला नाही, केवढं अवघड जातंय बघ. मला माहीत आहे हे त्यांना कळलं तर ते माझ्यासमोर बसू शकणार नाहीत. तू सांगायचं नाहीस. मी गेल्यावरसुद्धा नाही.’’ मग तिने माझ्याकडून वचन घेतलं, माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून. इस्पितळाच्या बाकावर तुम्ही घेतलेलं आणि हे, अशी दोन वचनं झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो ते मला तेव्हा कळलं. अकरावीची परीक्षा तोंडावर होती, आणि मी पुस्तक उघडून त्याच त्या पानाकडे बघत बसायची.

तुमचा डबा घेऊन मी एकदा प्रयोगशाळेत आले होते, आठवतं का? तुम्ही खोलीत नव्हतात. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या दीदी होत्या, त्या आईला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायच्या आणि तिच्या हातची थालीपीठं मागून घ्यायच्या. त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. पिंजऱ्यांच्या रांगा तशाच होत्या, आणि उंदीर एकूण एक जिवंत होते, टुणटुणीत. एक तर पिंजऱ्याच्या जाळीला धरून माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, साथ कधी आली होती? दीदींना काही कळेना. ‘‘साथ? कोई, ना तो,’’ त्या म्हणाल्या, म्हणजे साथबीथ काही आलीच नव्हती. मग हळूच म्हणाल्या, ‘‘तोमार बाबा आर ए घरे ढोकेन ना रे.’’ तुम्ही त्या खोलीत आता पाऊल टाकत नाही. काम त्यांच्या हवाली केलंत आणि खरोखरच यकृताकडे गेलात. आईला सांगितलेलं खोटं निदान अर्धं तरी खरं व्हावं म्हणून ज्या प्रश्नावर तुमचा जीव होता तो प्रश्न तुम्ही सोडून दिलात. मी डबा तिथेच ठेवला आणि बाहेर फुटपाथवर येऊन भोकाड पसरलं.

त्या संध्याकाळी आपण ट्रामने बरोबर घरी आलो. मी तुम्हाला म्हटलं, ‘‘तुम्ही तिच्याशी खरं का बोलत नाही?’’ मला तेवढंच म्हणता येत होतं, त्याच्या पुढचं वचनात अडकलं होतं. तुम्ही माझ्यावर उभ्या आयुष्यात एकदाच ओरडलात, ते तेव्हा. ‘‘गप्प बस! तुला काय कळतं?’’ ट्राममधले लोक वळून बघायला लागले. तुम्ही खिडकीबाहेर तोंड केलंत. उतरल्यावर कोपऱ्यावर भाजलेल्या शेंगांची पुडी घेतलीत आणि माझ्या हातात दिलीत. मी ती घरापर्यंत उघडली नाही. आता वाटतं, उघडायला हवी होती, तुमच्यासमोर दोन दाणे तोंडात टाकायला हवे होते.

आईने मग जे केलं त्याला मी काय म्हणू? नाटक म्हणवत नाही. भुसावळचा मामा बघायला आला, तेव्हा तुमच्यादेखत त्याला म्हणाली, ‘‘सूज आहे रे, उतरेल हळूहळू.’’ तुम्हाला म्हणाली, ‘‘पुढच्या उन्हाळ्यात माहेरी जाऊ. तुम्ही आत्ताच रजा सांगून ठेवा, मागून अडचणी काढता.’’ तुम्ही ‘हो’ म्हणालात. दुर्गापूजेला नवीन साडी हवी म्हणून हट्ट धरला, जन्मात कधी धरला नव्हता. तुम्ही तांताची, तिथल्या हातमागाची, लाल काठाची घेऊन आलात, ती तिने अंगावर धरून तुम्हाला दाखवली आणि विचारलं, ‘‘बंगालीण दिसते ना?’’ तुम्ही हसलात. तुम्ही बाहेर गेलात की ती साडी बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडायची. दुखणं तेव्हा फार वाढलं होतं. संध्याकाळी तुम्ही तिचे पाय चेपायला बसलात की ती पाय आखडून घ्यायची, ‘‘अहो, पाप लागेल मला,’’ म्हणायची, आणि मग हळूहळू पाय सोडायची. डोळे पिवळे झाले तेव्हा तिने आरसा मागितला नाही. तुमच्या ते लक्षात आलं असेल का? बाईमाणूस आरसा मागत नाही म्हणजे तिला काय दिसेल ते ठाऊक असतं. हे माझ्या मात्र लगेच लक्षात आलं, कारण माझं दुसरं कामच काय होतं त्या घरात!

थंडी पडायला लागली तेव्हा ती गेली. शेजारणी म्हणाल्या, भाग्यवान, सिंदूर घेऊन गेली. आपल्याकडची दोन-चार माणसं आली ती म्हणाली, सवाष्ण गेली. आणि तुम्ही येईल त्याला सांगत होतात, ‘‘तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढंच समाधान.’’ तेराव्याला सांगितलंत, वर्षश्राद्धाला सांगितलंत, माझ्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांनाही सांगितलंत. दर वेळी तुम्ही ते सांगताना मी तिथेच कुठेतरी पाणी देत, ताट उचलत उभी असायची. तुमचं यकृतात कधी मन रमलं नाही. निवृत्त होईपर्यंत नेटाने काम केलंत, पण घरी येऊन त्यातलं अक्षर बोलला नाहीत. रविवारी स्वयंपाकघरात येणंही बंद झालं. उरलं होतं ते तेवढं एक समाधान, आणि ते तुमच्याकडून काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

मग ती तुमच्या शेवटच्या आजारातली दुपार. मी तुम्हाला मोसंबीचा रस भरवत होते. तुम्ही अचानक विचारलंत, ‘‘तुझ्या आईला कळलं होतं का गं?’’ मी चमचाही थांबवला नाही. ‘‘नाही, बाबा. काहीसुद्धा नाही.’’ ‘‘बरं झालं,’’ तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटलं. मी वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं. तेव्हा डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, ‘‘मला आपलं वाटायचं, ती विचारील कधीतरी. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. फार एकटं वाटायचं तेव्हा.’’ आणि कुशीवर वळलात. त्यानंतर चारच दिवस तुम्ही होतात, आणि त्या चार दिवसांत मी तुमच्या खोलीत शंभरदा आले आणि शंभरदा तशीच परत गेले.

तिने विचारलं होतं, बाबा. मी भात वेळत होते तेव्हा विचारलं होतं. तिला जसं विचारता येत होतं तसं विचारलं, तुम्हाला जसं सांगता येत होतं तसं सांगितलंत, आणि पुढे दोघंही एकाच घरात आपापलं दुःख तोंडात धरून राहिलात. तिला एकटं वाटत होतं, ती म्हणायची नाही, पण वाटत होतं. तुम्हालाही वाटत होतं. मधे फक्त मी होते, दोन्हीकडचं सगळं माहीत असलेली, आणि दोन्हीकडे तोंड शिवलेली. कोणतं वचन मोडलं असतं तर बरं झालं असतं, याचा विचार मी इतकी वर्षं केला आहे. कधी वाटतं, आई गेली तेव्हाच तिचं वचन संपलं होतं. कधी वाटतं, तुम्हाला सांगितलं असतं तर ‘मी तिला एकटी सोडली’ हेच तुमच्या उशाशी राहिलं असतं.

पत्र लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, एकदा लिहून काढलं की मोकळी होईन. तसं काही झालं नाही. उलट लिहिता लिहिता एक जुना राग वर आला, तो आहे हे मी कधी कबूल केलं नव्हतं. तुम्ही तिला जपलंत, तिने तुम्हाला जपलं. मी अकरावीतली मुलगी होते, माझीही आई मरत होती, आणि माझ्याजवळ बसून ‘तुझं कसं चाललंय’ असं तुम्हा दोघांपैकी कोणी विचारलं नाही. मला रडायचं असलं की मागच्या गच्चीत जावं लागे, तेही दोघांच्या नकळत. हे सगळं आता लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही म्हणून लिहिते आहे. वाचणार असतात, तर आईला काहीच कळलं नव्हतं, एवढंच लिहून पत्र संपवलं असतं.